दहावी जागा

सातपूरच्या आयटीआय सिग्नलला स्कूटर उभी होती आणि दिवा हिरवा व्हायला अठ्ठेचाळीस सेकंद बाकी होते, तेव्हा अफरीनच्या फोनवर तो फोटो आला. धाकटी बहीण खुशनुमा, तिचा नवरा अरसलान आणि मध्ये सहा वर्षांचा रय्यान, तिघेही घाटातल्या दगडी कठड्याला पाठ टेकून हसत होते. फोटो कोणा वाटसरूने रस्त्याच्या पलीकडे जाऊन काढला असावा, कारण पायांपुढचा डांबराचा पट्टा पूर्ण दिसत होता. खाली खुशनुमाने लिहिलं होतं, ‘आपा, तेरी जगह पे!’ अफरीनने दोन बोटांनी फोटो मोठा केला. ती नेहमी असंच करते. पेपरच्या पानावर जाणाऱ्या प्रत्येक फोटोच्या कडा आधी बघायच्या, चेहरे नंतर, ही तिची वीस वर्षांची सवय. डाव्या कडेला, वळणाच्या खडकाआडून, एका ट्रकचं नाक बाहेर आलं होतं. बंपर, बंपरला लटकलेलं लिंबू, काचेमागे ड्रायव्हरचं तोंड. ते तोंड उघडं होतं. तो गात असेल, जांभई देत असेल किंवा ओरडत असेल. मागून हॉर्न वाजायला लागले आणि एक मोटारसायकलवाला अगदी कानाशी येऊन म्हणाला, “ओ ताई, मोबाईलवर लग्न जमवताय का? सुटलाय सिग्नल!”

तिने स्कूटर कडेला, एका वर्कशॉपच्या शटरसमोर घेतली आणि खुशनुमाला फोन लावला. ते केव्हाच पेठला पोचले होते, मिसळ खात होते. “क्या हुआ आपा? फोटू अच्छा नहीं आया क्या?” खुशनुमाने विचारलं. अफरीन म्हणाली, “ट्रक नहीं दिखा तुझे?” पलीकडे भांड्यांचा आवाज, रय्यानची पाव हवा म्हणून कटकट, आणि मग खुशनुमाचा खरोखर गोंधळलेला स्वर, “कौन सा ट्रक?” अफरीनने काही नाही म्हणून फोन ठेवला. वर्कशॉपमध्ये लेथवर काहीतरी कापलं जात होतं आणि तो बारीक, सलग आवाज तिच्या दाढेत जाऊन बसला. येताना तिथे थांबू नका, एवढंही आपण सांगितलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने लगेच तसा मेसेज केला. खुशनुमाने अंगठा पाठवला. तो अंगठा बघताना अफरीनला वाटलं, आपण आज एका माणसाला सांगितलं. बाकीच्यांना कोण सांगणार?

कारण ती जागा तिची होती, खुशनुमाला वाटत होतं त्याहून फार जास्त तिची. सात वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीसाठी रविवारच्या पुरवणीत तिने एक पान केलं होतं: पेठ रस्त्यावरचे दहा थांबे. नाशिकहून पंचवटी ओलांडून पेठकडे गाडी काढायची, आणि जाता जाता कुठे थांबायचं, कुठून काय दिसतं, कुठे चहा बरा मिळतो. तिला गाडीने भटकायची फारशी हौस नव्हती. पण अब्बा होते. अब्बा, म्हणजे सलीमभाई, याच पेपरचे गठ्ठे जीपमधून पेठपर्यंत टाकायचे. बावीस वर्षं तोच रस्ता. गावोगावी गठ्ठे टाकून झाले की रिकामी जीप घेऊन सकाळच्या उन्हात सावकाश परत यायचे आणि थर्मासमधला चहा एकेका जागी थांबून घोट-घोट प्यायचे. त्या जागा त्यांनी तिला सांगितल्या, जेवणाच्या ताटावर बोटाने रस्ता काढून. रामशेजच्या पायथ्याला शेताचा रुंद बांध, तिथून किल्ला पूर्ण दिसतो. ओढ्यावरचा पूल, पण पुलाच्या आधी थांबायचं, नंतर नाही, नंतर उतार आहे. करंजाळीच्या बाजाराबाहेरचं चिंचेचं झाड. घाट संपल्यावर शाळेची लांब भिंत. अशा नऊ. “और एक, अब्बा,” ती म्हणाली होती. अब्बांनी ताटातलं बोट उचललं. “नहीं है.” घाटात तर एखादी असेल, तिने विचारलं, दरी दिसते अशी? तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली जी ते तिला आणि खुशनुमाला सायकल शिकवतानाही सांगायचे: “पीछेवाले को तू दिखनी चाहिए, बेटा. तेरे को क्या दिखता, वो बाद में.” थांबायची जागा समोरच्या देखाव्यावरून ठरत नाही, मागून येणाऱ्या गाडीवरून ठरते. घाटात मागच्याला कोणीच दिसत नाही. म्हणून घाटात जागा नाही. दहावी जागा नाही.

पण मथळा आधीच झाला होता. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पान आधी आखलं जातं, मजकूर मागाहून येतो; आर्टिस्टने एक ते दहा आकडे पिवळ्या गोलात बसवले होते, दहाव्या गोलाखाली सहा ओळींची जागा रिकामी होती आणि पान छपाईला सोडायला पंचवीस मिनिटं उरली होती. नऊ थांबे असं म्हणता आलं असतं. म्हणजे मथळा बदला, गोल हलवा, आर्टिस्टच्या पाया पडा. रिकामी जागा दिसली की तिचा हात आपोआप चालतो, तसाच चालला. तिने लिहिलं: ‘घाटाच्या तिसऱ्या वळणावर दगडी कठडा आहे. तिथे दोन मिनिटं थांबा. खाली दरी, आणि दरीत एकच घर. त्या घराकडे जाणारी वाट कुठेच दिसत नाही.’ सहा ओळी बरोबर भरल्या. वाक्यं तिला आवडली होती, हे ती आजही नाकारत नाही. बाकीच्या नऊ जागा खऱ्या होत्या आणि थोड्या कोरड्या होत्या. वाचकांनी पत्रं पाठवली ती दहाव्या जागेबद्दल.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी पान मोठ्याने वाचलं. मराठी ते हळू वाचायचे, एकेका शब्दावर बोट ठेवून, पण चुकायचे नाहीत. आपल्या नऊ जागा वाचताना मान हलवत होते. दहाव्यावर बोट थांबलं. “ये कहाँ की?” त्यांनी विचारलं. एका वाचकाने कळवली, असं ती म्हणाली. बोट पुढच्या ओळीवर सरकलं. छापलेल्यावर त्यांचा विश्वास होता. आयुष्यभर त्यांनी ते छापलेलं अंगाखांद्यावर वाहिलं होतं. नंतर आठ-पंधरा दिवसांनी जेवताना मध्येच म्हणाले, “वो एक घर अभी तक नहीं दिखा मेरे को.” पुन्हा महिन्याने म्हणाले, धुकं असतं ना. तेव्हा तिला कळलं की ते रोज त्या वळणावर जीप हळू करत होते. बावीस वर्षं जिथे त्यांनी पाय ब्रेकवरून काढला नव्हता आणि नजर रस्त्यावरून हलवली नव्हती, तिथे ते दरीत घर शोधत होते. तिने सांगायला हवं होतं. तो घास, ते ताट, पंख्याचा आवाज, सगळं तिला आठवतं. आपण काय बोललो ते आठवत नाही, कारण ती काहीच बोलली नव्हती. चार वर्षांपूर्वी अब्बा गेले, किडनीच्या आजाराने, घरी, पलंगावर. रस्त्याचा त्यात काही संबंध नव्हता. एवढा एक दिलासा तिला आजवर पुरत आला होता.

आणि पान दर वर्षी निघत राहिलं. दिवाळीची सुटी आली की जुनं पान काढायचं, तारखा बदलायच्या, एखादं हॉटेल बंद झालं असेल तर काढून टाकायचं. दर वर्षी ती दहाव्या थांब्यावरून हात फिरवायची. एका वर्षी ‘दोन मिनिटं’चं ‘जरा वेळ’ झालं. मग पेपरच्या वेबसाइटवर ते गेलं आणि कोणीतरी नकाशावर त्या वळणाला खूण लावून नाव दिलं, ‘एक घर पॉइंट’. खुणेखाली शेकडो फोटो. ते फोटो तिने पाहिले होते. चेहरे पाहिले होते, कठडा पाहिला होता, आणि मनाशी म्हटलं होतं, बघ, कठडा तरी आहे. कडा मात्र पाहिल्या नव्हत्या. सातपूरहून घरी येईपर्यंत तिने ठरवलं की या वर्षीचं पान सोडण्याआधी हे संपवायचं. पान शुक्रवारी जाणार होतं. आज सोमवार होता.

मंगळवारी ती रविराजच्या केबिनमध्ये गेली. रविराज पुरवणीचा प्रमुख. तिच्याहून चार वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही, आकड्यांवर जगणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची थोडी फिरवली. “अगं, वळण काढून टाक ना. ‘घाटात सोयीच्या ठिकाणी थांबा’ असं कर. विषय संपला.”

“घाटात सोयीचं ठिकाणच नाहीये. हे तर आणखी वाईट.”

“मग नऊ कर.”

“नऊ केले तर लोक मागच्या वर्षीचं दहावं शोधून जातील. सुधारणा छापावी लागेल. ती जागा मी बघितलेलीच नव्हती, असं.”

रविराज हसला, मग हसणं मध्येच थांबवलं. “मॅडम, आपण आमदाराचं आडनाव चुकलं तर आतल्या पानावर दोन ओळी टाकतो. आणि तू घाट मागे घेणार? हे छापलं तर उरलेल्या नऊ जागा तरी कोण खऱ्या मानेल?”

हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. त्या नऊ अब्बांच्या होत्या. ताटावर काढलेला तो रस्ता, पुलाच्या आधी, नंतर नाही. तो सगळा तिच्या सहा ओळींमुळे खोटा ठरणार होता. ती उठली आणि म्हणाली, “मी उद्या सुटी घेते. नऊच्या नऊ बघून येते. मग बोलू.” रविराज म्हणाला, “जा बाई, पण पान शुक्रवारी आहे, हे तुझं तूच लक्षात ठेव.”

बुधवारी सकाळी ती स्कूटरवर निघाली. पंचवटीतल्या भाजीच्या गाड्यांमधून वाट काढताना तिला स्वतःचंच नवल वाटलं, सात वर्षं या रस्त्याची वर्णनं दुरुस्त केली आणि रस्त्यावर आपण अब्बांच्या जीपमध्ये, शाळेत असताना, दोनदा आलो तेवढंच, तेही घाटाच्या अलीकडेपर्यंत. प्रत्येक थांब्यावर ती आधी मागे बघायची. रामशेजचा बांध होता, थोडा खचलेला, पण मागची गाडी लांबून दिसत होती. पुलाच्या आधी जागा होती. नंतर खरंच उतार होता आणि तिथे डांबरावर घसरल्याचे जुने काळे पट्टे होते. चिंचेचं झाड रुंदीकरणात गेलं होतं, बुंधा उरला होता. तिने वहीत लिहिलं, ‘झाड नाही, जागा आहे.’ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुरासणी फुलली होती, डोळ्यांवर येईल इतकी पिवळी, आणि अब्बांनी ती फुलं तिला कधी सांगितली नव्हती याचं तिला वाईट वाटलं. मग वाटलं, सांगितली असतील. आपण तेव्हा किलोमीटर लिहून घेत होतो.

नऊही बघून झाल्यावर, परत येताना, घाटाचं तिसरं वळण. कठडा होता, अंदाजाने लिहिलेला कठडा, हाताला गार लागणारा. कठड्याच्या टोकाला निळ्या प्लॅस्टिकखाली एक बाई काकड्या आणि उकडलेल्या शेंगा घेऊन बसली होती. अफरीनने स्कूटर अगदी दगडाला खेटून लावली आणि दरीत पाहिलं. दरी होती. घर नव्हतं. रान, कातळाचा एक काळा पट्टा, खाली कुठेतरी पाण्याचा आवाज. ती सारखी मागे वळून बघत होती, कारण पाठीमागून उतारावरच्या गाड्यांचा आवाज येत होता आणि गाडी दिसत नव्हती. आवाज मोठा होत जायचा आणि एकदम गाडी अंगाशी असायची.

“ते एक घर पायला आलासा ना?” बाई म्हणाली. “त्या जांभळीच्या मागं बगा. नीट बगा.”

“तिथं घर आहे, मावशी?”

बाईने तिला खालून वर पाहिलं, हेल्मेट, वही, पेन. “नाय,” ती म्हणाली आणि हसली. “कातळ हाय तो. पर लोकं लांबून येत्यात, पोरं घिऊन येत्यात. नाय कसं म्हनू? कोनाला दिसतं, कोनाला नाय. ज्याला दिसत नाय तो म्हनतो, धुकं हाय.”

धुकं. अफरीनने कठड्यावर हात ठेवला. बाईचं नाव चतुराबाई, खालच्या पाड्यावरची. तीन वर्षं इथे बसत होती. मागच्या महिन्यात एक ट्रक इतका घासून गेला की काकड्यांची पाटी दरीत गेली. “पाटी गेली, मी ऱ्हायले,” चतुराबाई म्हणाली, जणू पाटीनेच निवड केली होती.

“मग इथं का बसता?”

“लोकं हितं थांबत्यात. जितं थांबत नाय तितं बसून कोनाला काकडी देऊ, माकडाला?”

“ते घर मी लिहिलं पेपरात,” अफरीन म्हणाली. “मनाने. मी इथे आलेच नव्हते.” सात वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडत होतं आणि ते ऐकायला एक अनोळखी बाई आणि कापलेल्या काकड्या होत्या. चतुराबाई रागावली नाही. सुरी पुसत म्हणाली, “आसं हाय व्हय. मी म्हनत होते, येवडी लोकं याडी कशी.” अफरीनने तिला विचारलं, पुढे शाळेच्या भिंतीजवळ बसाल का, सव्वादोन किलोमीटर आहे, तिथे रस्ता रुंद आहे. चतुराबाईने लगेच उत्तर दिलं. “तितं भीतच दिसती. तुमी आदी लोकं हलवा. मंग मी हलते. मी हलले आन लोकं हितंच ऱ्हायली, तर माजं काय, आन त्यांचं काय? हितं मी वरडते तरी, गाडी आली गाडी आली म्हनून.”

परतताना अफरीनला ते ओरडणं डोक्यातून जाईना. म्हणजे गेली तीन वर्षं तिच्या सहा ओळी आणि खुशनुमासारखी माणसं यांच्या मध्ये चतुराबाईचा घसा होता. ती नसती तर? सोमवारच्या फोटोत ती कुठे होती? घरी येऊन तिने फोटो पुन्हा उघडला. उजव्या कडेला, अर्धा कापलेला, निळ्या प्लॅस्टिकचा तुकडा आणि वर केलेला एक हात. त्या दिवशी तिने एकच कड बघितली होती. ट्रक सापडल्यावर दुसरी बघायची राहिली.

शुक्रवारी तिने पान लावलं. मथळा तोच ठेवला, दहा थांबे. पिवळे गोलही तसेच ठेवले, एक ते दहा. नऊ थांब्यांखाली बुधवारचे किलोमीटर घातले, चिंच काढून बुंधा घातला, आणि चतुराबाईच्या शब्दावर शाळेच्या भिंतीजवळ काकड्या मिळतील हेही घातलं. दहाव्या गोलाखाली बारीक अक्षरात सहा ओळी होत्या: ‘ही जागा नाही. घाटाच्या तिसऱ्या वळणावर थांबा, असं या पानावर सात वर्षं छापलं गेलं. ते मी न बघता लिहिलं होतं. दरीत घर नाही. तिथे थांबलात तर मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. वरच्या नऊ जागा माझे वडील सलीमभाई यांच्या आहेत. या आठवड्यात पुन्हा तपासल्या आहेत.’ खाली तिचं नाव.

रविराजने प्रिंट उभ्यानेच वाचली. दोनदा वाचली. “दहाचे दहाच ठेवलेस,” तो म्हणाला.

“जागा रिकामी नव्हती सोडायची.”

“नाव काढ. ‘संपादक’ असं टाकू.”

“नाव राहू दे. तेव्हाही होतं.”

“वरून फोन आला तर मी तुला वाचवू शकणार नाही, अफरीन.”

“वाचवू नकोस. वेबसाइटवरचं जुनं आजच बदल.”

त्याने पेनचं टोपण लावलं, काढलं, आणि कोपऱ्यात सही केली. “पुलाच्या आधी, नंतर नाही,” तो पुटपुटला. “हे मला माहीत नव्हतं.”

रविवारी सकाळी आठ वाजता ती तिसऱ्या वळणावर उभी होती, पाठ दरीकडे आणि तोंड रस्त्याकडे करून. हातात पेपरच्या वीस प्रती. चतुराबाई तिच्या आधी आली होती. वळणाच्या अलीकडे, जिथून वर येणाऱ्या गाड्या दिसत, तिथे अफरीन हात करायची, आणि काचा खाली करणाऱ्यांना पेपर देऊन शाळेच्या भिंतीकडे पाठवायची. बरेच जण न थांबता गेले. काही थांबून वाद घालत होते. पांढऱ्या गाडीतले एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, दर वर्षी येतो आम्ही. पेपरात आहे.”

“पेपरात मीच लिहिलं होतं. आजचा वाचा.”

“पण घर आम्ही बघितलंय! हिला विचारा.” शेजारच्या बाईंनी मान हलवली, मागच्या वर्षी स्वच्छ दिसलं होतं, त्या म्हणाल्या, कौलारू होतं. अफरीनला क्षणभर त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही. कौलं तिने लिहिली नव्हती. मग उतारावरून तो आवाज आला, मोठा होत जाणारा, आणि ती गाडीच्या टपावर हात आपटून म्हणाली, “चला. पुढे चला. आत्ता.” गृहस्थ चिडून गेले. ते गेले न गेले तोच, ते उभे होते तिथूनच, वळण कापत एक टँकर खाली गेला आणि त्याचा गरम वारा तिच्या तोंडावर आला.

अकरापर्यंत प्रती संपल्या. चतुराबाईने काकड्यांची पाटी बघितली, जशी सकाळी भरलेली तशीच होती. “तुमच्यापायी आज कोन बी थांबत नाय हितं,” ती म्हणाली. मग निळं प्लॅस्टिक सोडलं, घडी केली, पाटीवर टाकलं. “चला. दावा तुमची भीत.”

पाटी मांडीवर घेऊन ती स्कूटरवर मागे बसली. शाळेच्या भिंतीशी अफरीनने स्कूटर उभी केली आणि आधी मागे पाहिलं. रस्ता सरळ होता, दोनशे पावलं तरी, रिकामा आणि उन्हाने पांढरा. इथून दरी दिसत नव्हती. भिंतीवर कोणीतरी कोळशाने पाढे लिहिले होते. अब्बा इथे थर्मास उघडून काय बघत असतील, असं तिला नेहमी वाटायचं. आता कळलं, काही नाही, चहा पीत असतील. चतुराबाईने जमीन पायाने साफ केली, बसली, आणि सवयीने ओरडली, “गाडी आली, गाडी आली!”

अफरीन वळली. गाडी फार लांब होती. पण ड्रायव्हरला त्या दोघी दिसल्या असाव्यात, कारण तिथूनच गाडीचा डावा दिवा लुकलुकायला लागला होता.